ग्रीक निंफांचीं आख्यानें : एक पाठविचार

हस्तलिखितांच्या संग्राहकांस एक गोष्ट निराळी सांगावी लागत नाहीं. एकाच ग्रंथाच्या पांच पोथ्या हातीं आल्या असतां प्रत्येकींतील मनास रुचेल तें उचलून सहावी पोथी सिद्ध करणें, यास कोणी संशोधन म्हणत नाहीं. पोथी कोणत्या गांवची, लेखक कोण, शक कोणता, पानाच्या कडेस काय लिहिलें आहे, याची नोंद आधीं व्हावी लागते. मग पाठाचा विचार. परंतु हाच नियम परदेशच्या पुराणकथांस लावण्याची वेळ आली म्हणजे तो आपण सहज विसरतों. ग्रीक देवदेवतांचीं आख्यानें आपल्याकडे बहुधा इंग्रजी सारसंग्रहांवरून आलीं. आणि त्या संग्रहांतून होमर, ओव्हिड व त्यांच्या मागून आलेले संग्रहकार यांस एकत्र कालवून टाकिलेलें असतें. या मिश्रणानें सर्वांत अधिक हानि कोणाची झाली असेल तर ती निंफ या नांवाच्या गौण देवतांची. अमुक देवाचें अमुक निंफेवर प्रेम जडलें, ती पळाली, तिचा वृक्ष झाला, एवढ्या तीन वाक्यांत तिची वासलात लागते. मूळ ग्रंथांत या भेटी कशा वर्णिल्या आहेत, आणि त्यांतील कोणती गोष्ट कोणाची, हें तपासून पाहण्याचा या लेखांत आमचा हेतु आहे.

प्रथम शब्दाचा विचार करूं. ग्रीक भाषेंत ‘निंफे’ म्हणजे वधू, किंवा विवाहयोग्य झालेली तरुणी. त्याच शब्दानें झरे, नद्या, डोंगर, गुहा व वृक्ष यांच्या अधिष्ठात्री देवताहि दर्शविल्या जातात. मराठींत यास ‘अप्सरा’ हा प्रतिशब्द देण्याची रूढि आहे. ती आम्हांस पसंत नाहीं. पुराणांतील अप्सरा इंद्रसभेची. तपोभंगासाठीं तिला खालीं धाडण्यांत येतें, आणि कार्य उरकतांच ती स्वस्थानीं परत जाते. निंफेस स्वर्गांत घर नाहीं. तो एक झरा किंवा तें एक झाड हेंच तिचें घर. विहिरीच्या वा नदीच्या कांठीं शेंदूर फांसलेल्या सात दगडांच्या रूपानें आपल्या खेड्यांतून ज्या साती आसरा पुजल्या जातात, त्यांचा शब्द ‘अप्सरा’ पासून आलेला असला तरी त्यांचा स्वभाव निंफेच्या अधिक जवळचा आहे. नांवाच्या साम्यानें अर्थाचा घोंटाळा होऊं नये म्हणून आम्ही येथें ‘निंफ’ हाच शब्द ठेविला आहे.

निंफांच्या स्वरूपाचें सर्वांत स्पष्ट असें जुनें वर्णन होमरच्या नांवावर मोडणाऱ्या आफ्रोडायटीच्या स्तोत्रांत आढळतें. तेथें सांगितलें आहे कीं, त्या ना मर्त्य ना अमर. त्या दीर्घकाळ जगतात. त्यांच्या जन्माबरोबर डोंगरावर देवदारासारखे उंच वृक्ष आणि ओक उगवतात. आणि त्यांचा अंतकाळ आला म्हणजे आधीं झाड उभ्यानें वाळतें, साल सुकते, फांद्या गळतात, व मग त्या दोघांचा प्राण एकदमच जातो. याच ठिकाणीं, सिलीनस नांवाचे वनचर व हर्मीस देव हे गुहांच्या अंतर्भागीं या निंफांशीं प्रेमानें रममाण होतात, असेंहि म्हटलें आहे. येथें पाठलाग नाहीं, आक्रोश नाहीं, रूपांतर नाहीं. वृक्ष हा निंफेला झालेला दंड नसून तिच्या जन्मापासूनचा सोबती आहे. हा भेद वाचकांनीं ध्यानांत ठेवावा; कारण पुढील काळच्या आख्यानांत वृक्षाचें स्थान अगदीं पालटलेलें दिसेल.

आतां कॅलिस्टोचें आख्यान घेऊं. अपोलोडोरसच्या नांवावर चालत आलेला, परंतु विद्वानांच्या मतें इसवी सनाच्या पहिल्या किंवा दुसऱ्या शतकांत रचला गेलेला ‘बिब्लिओथिका’ नामक संग्रह या कामीं फार मोलाचा आहे. त्याचा कर्ता कॅलिस्टो कोण याचें एक उत्तर देत नाहीं, चार देतो. युमेलस व इतर कांहीं तिला राजा लायकेऑनची कन्या म्हणतात. हेसियड तिला निंफांपैकीं एक म्हणतो. एशियसच्या मतें ती निक्टियसची कन्या. फेरेसायडीसच्या मतें सीटियसची. पुढें झ्यूसनें तिला कोणाचें रूप घेऊन फसविलें याविषयींहि तो दोन पक्ष नोंदवितो; कोणी आर्टेमिसचें म्हणतात, कोणी अपोलोचें. तिच्या मरणाचीहि तीच तऱ्हा. हेरेनें सांगितल्यावरून आर्टेमिसनें अस्वल समजून तिला बाणानें मारिलें, हा एक पाठ. तिनें कौमार्यव्रत मोडलें म्हणून मारिलें, हा दुसरा. आमच्या पोथ्यांच्या टिपणांत ‘इति पाठान्तरम्’ असें जें लिहिलेलें आढळतें, त्याचेंच काम या गृहस्थानें केलें आहे.

या प्रकरणांत एक शब्द मात्र असा आहे कीं, ज्यास पाठान्तर दिलेलें नाहीं. झ्यूस तिच्यावर आसक्त झाला, व ‘ती अनिच्छ असतां’ त्यानें तिच्याशीं संग केला, असें संग्रहकार लिहितो. मूळांत हें एकच पद आहे, ‘अकूसे’. सारसंग्रहांतून ‘आसक्त झाला’ हें राहतें आणि हें पद गळतें. पद एकच गळलें, परंतु त्याबरोबर आख्यानाचा अर्थच फिरला. जी फिर्याद होती तिची प्रेमकथा झाली. ग्रंथ जुना, अश्लील किंवा अवघड म्हणून कांहीं भाग संक्षेपावा लागतो, हें आम्हांस मान्य आहे. परंतु संक्षेप करणाऱ्यानें कर्म ठेवून कर्त्याचा दोष तेवढा पुसून टाकावा, हा संक्षेप नव्हे, हा प्रक्षेप आहे.

कॅलिस्टोची एक खूण जमिनीवरहि होती. पॉसेनियस हा दुसऱ्या शतकांतील प्रवासी आर्केडिया प्रांताचें वर्णन करितांना कॅलिस्टोची समाधि म्हणून दाखविला जाणारा एक उंच मातीचा ढिगारा नमूद करितो. त्यावर पुष्कळ झाडें होतीं, आणि माथ्यावर ‘कॅलिस्टे’, म्हणजे परमसुंदरी, या उपपदाच्या आर्टेमिसचें देवस्थान होतें. सखी आणि देवता यांच्या नांवांतील हें साम्य पाहून कार्ल ऑटफ्रीड म्यूलर या जर्मन पंडितानें एकोणिसाव्या शतकांत असा तर्क मांडला कीं, मूळांत या दोघी एकच असाव्या. तर्क सिद्ध होवो वा न होवो, आख्यानास स्थान होतें, समाधि होती, व देऊळ होतें, एवढें यावरून निश्चित होतें. स्थान तोडून घेतलें म्हणजे आख्यान हलकें होतें आणि वाटेल तेथें वाहून नेतां येतें.

दाफ्नीचें आख्यान तर पोथ्यांच्या अभ्यासकांनीं मुद्दाम पाहण्याजोगें आहे. तिचे तीन पाठ आम्ही येथें देतों. पहिला पार्थेनियसचा. ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकांतील या कवीनें दुःखान्त प्रेमाच्या ३६ कथांचें एक गद्य टिपण आपला मित्र कवि कॉर्नेलियस गॅलस यास काव्याची सामग्री म्हणून पाठविलें. त्यांत दाफ्नी ही लकोनियांतील अमिक्लसची कन्या. तिला शिकारीचा नाद. ल्यूकिपस नांवाचा तरुण स्त्रीवेष घेऊन तिच्या सख्यांत मिसळतो. अपोलोस त्याचा मत्सर वाटतो, व तो मुलींच्या मनांत स्नानाची इच्छा उत्पन्न करितो. ल्यूकिपसचें सोंग उघडें पडतें, आणि मुली त्यावर भाले टाकतात. मग अपोलो दाफ्नीच्या मागें लागतो. ती मनुष्यलोकांतून आपणांस दूर करावें अशी झ्यूसची प्रार्थना करिते, आणि तिचा लॉरेल वृक्ष होतो. दुसरा पाठ पॉसेनियसचा. त्यांत ती लादोन नदीची कन्या, आर्केडियांतली. ल्यूकिपसचा वध हाच कथेचा कळस, आणि वृक्षाचा उल्लेखहि नाहीं. सीरियांतील ओरोंटीस नदीकांठचे लोक आपली निराळी कथा सांगतात, असें सांगून तो ती बाजूस ठेवितो. तिसरा पाठ ओव्हिडचा. त्यांत ती थेसलींतील पेनियस नदीची कन्या होते, ल्यूकिपस पार नाहींसा होतो, आणि क्युपिडच्या सोन्याच्या व शिशाच्या दोन बाणांनीं कथेस आरंभ होतो. जगांत जी दाफ्नी प्रसिद्ध आहे ती ही तिसरी. पहिल्या दोघी ग्रंथांत पडून राहिल्या.

पहिलीचें राहणें देखील एका पोथीच्या दैवावर अवलंबून होतें. पार्थेनियसचें हें टिपण एकाच हस्तलिखितांत उरलें आहे. तें हायडेलबर्गच्या संग्रहांतील ३९८ क्रमांकाची, नवव्या शतकांतील ग्रीक पोथी होय. १६२३ सालीं युद्धाच्या धामधुमींत तेथील ग्रंथालय रोमला नेण्यांत आलें. १७९७ नंतर ही पोथी पॅरिसला गेली. आणि १८१६ सालीं ती हायडेलबर्गला परत आली. तिच्या समासांत बहुतेक कथांजवळ ‘ही कथा अमुक अमुक ग्रंथकार सांगतो’ अशीं टिपणें आहेत. दाफ्नीच्या कथेजवळ एलीयाचा डायोडोरस व इतिहासकार फायलार्कस यांचीं नांवें आढळतात. हीं टिपणें स्वतः पार्थेनियसचीं कीं मागाहून कोणा अभ्यासकानें घातलेलीं, यावर वाद आहे. परंतु समासांतील त्या दोन नांवांमुळेंच ओव्हिडच्या पूर्वीं ही कथा कोणीं सांगितली याचा धागा आपल्या हातीं लागतो. समास कापून पोथी नव्यानें बांधणाऱ्यांनीं याचा विचार करावा.

ओव्हिडच्या ‘मेटामॉर्फोसिस’ या काव्याच्या पोथ्या पुष्कळ आहेत. पण संपूर्ण किंवा जवळजवळ संपूर्ण अशा प्रती अकराव्या शतकाच्या अलीकडच्याच. त्यांत पहिल्या सर्गांतील ५४४ व्या ओळीपासून नेमका तो प्रसंग, जेव्हां दाफ्नी थकून प्रार्थना करिते, दोन प्रकारांनीं आढळतो. एका पाठांत ती आपला पिता पेनियस यास हांक मारते. दुसऱ्यांत ती पृथ्वीस म्हणते कीं, मला पोटांत घे, अथवा हें घातक रूप पालटून टाक. कांहीं पोथ्यांतून दोन्ही पाठ एकापुढें एक आले असल्यामुळें दाफ्नी आधीं एकीस व मग दुसऱ्यास आळविते असा चमत्कार होतो. ओव्हिडनेंच दोनदां लिहिलें असें कांहीं संपादक म्हणतात. कांहीं एक पाठ लेखकानें मागाहून घुसडलेला मानतात. दाफ्नीस लादोन व पृथ्वी यांची कन्या मानणारी, आणि पृथ्वीनें दुभंगून तिला पोटांत घेतलें असें सांगणारी कथा ग्रीकांत होती. तिचा संस्कार या पाठावर झाला असावा, असें आम्हांस वाटतें. उत्तरकांडांतील सीतेचें स्मरण येथें आमच्या वाचकांस झाल्यावांचून राहणार नाहीं. परंतु दोहोंचा ऐतिहासिक संबंध जोडण्यास कोणताहि आधार नाहीं, हेंहि सांगून ठेवितों. येथें पाहावयाचें तें एवढेंच कीं, पाठ बदलला म्हणजे शरण जाण्याचें ठिकाण बदलतें. पहिलीस बाप आहे. दुसरीस माता पृथ्वीखेरीज कोणी नाहीं.

या सर्वांचा दोष ओव्हिडवर टाकण्याची आधुनिक टीकाकारांत एक लकब पडली आहे. ती आम्हांस न्याय्य वाटत नाहीं. ओव्हिड चतुर आहे, पाठलागाचें वर्णन तो चवीनें करितो, हें खरें; परंतु निंफेचें काय हरपलें हें त्याच्याइतकें सूक्ष्मपणें दुसऱ्या कोणीं क्वचितच टिपलें असेल. त्याच्या कथांतून जें प्रथम जातें तें सौंदर्य नसून वाणी होय. कॅलिस्टो अस्वल होते व विनवणी करूं लागतांच तिच्या कंठांतून गुरगुर निघते. तत्पूर्वीं तिनें स्त्रीच्या अंगीं असेल तेवढ्या बळानें प्रतिकार केला, आणि तो जूनोनें पाहिला असता तर ती अधिक सौम्य झाली असती, असें कवि स्वतः सांगतो. इनॅकस नदीची कन्या आयो गाय होते; बोलतां येईना तेव्हां ती खुरानें मातीवर अक्षरें काढून आपली हकीकत बापास कळविते. सिरिंक्सची कथा मर्क्युरी आर्गसला झोंप आणण्यासाठीं सांगूं लागतो, आणि ती पुरी होण्यापूर्वींच श्रोता झोंपी जातो. उरलेली कथा कवीस आपल्या तोंडानें सांगावी लागते. निंफांच्या कथा ऐकतां ऐकतां डोळे मिटणारा श्रोता कवीनें अशा रीतीनें काव्यांतच बसवून ठेविला आहे.

दाफ्नीच्या कथेचा शेवटहि असाच पाहावा. झाड झालेल्या तिला अपोलो सांगतो कीं, तूं माझा वृक्ष होशील, विजयी सेनापतींच्या मस्तकीं शोभशील, ऑगस्टसच्या दारीं रक्षक होऊन उभी राहशील. ऑगस्टसच्या दारीं लॉरेल लावण्याचा मान त्यास ख्रिस्तपूर्व २७ सालीं मिळाला होता. म्हणजे हें वर्णन त्या काळच्या वाचकाच्या डोळ्यांसमोरचें होतें. यावर झाडानें शेंडा हालविला, आणि तें मान डोलावल्यासारखें ‘भासलें’, असें कवि म्हणतो. संमति दिली, असें तो म्हणत नाहीं. सारसंग्रहांतून मात्र ती संमति होऊन बसते. राज्यकर्त्याच्या दारच्या झाडास आपण होकार दिला कीं नाहीं हें सांगतां येत नाहीं, असें लिहिणारा कवि पुढें इसवी सन ८ मध्यें त्याच ऑगस्टसच्या आज्ञेनें काळ्या समुद्राच्या कांठीं तोमी येथें हद्दपार झाला. हद्दपारीचें कारण या ओळी होत्या असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. परंतु त्या ओळी स्तुतीच्याच होत्या असें मानण्यापूर्वीं ‘भासलें’ हें क्रियापद पुन्हां वाचावें.

निंफ म्हणजे नेहमीं पळणारी व मुकी, असा समज झाला असेल तर तोहि टिकणारा नाहीं. ओडिसीच्या पांचव्या सर्गांत झ्यूसची आज्ञा घेऊन हर्मीस कॅलिप्सोकडे येतो. आज्ञा ऐकतांच ती देवांस तोंडावर क्रूर व मत्सरी म्हणते. देवीनें मर्त्य पुरुष उघडपणें जवळ केला कीं तुम्हांस खपत नाहीं, असें म्हणून ती उषा व ओरायन, डिमीटर व आयेझियॉन यांचीं उदाहरणें देते. ही देवांवरील टीका एका निंफेच्याच तोंडची आहे, कोणा तत्त्ववेत्त्याची नव्हे. त्याच काव्यांत ओडिसियस रात्रीं तिच्याजवळ अनिच्छेनें निजतो व दिवसा समुद्रकांठीं रडत बसतो, हेंहि सांगितलें आहे. म्हणजे येथें अनिच्छा पुरुषाची आहे. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकांत कॅलिमॅकसनें अथीनेच्या स्नानावर रचलेल्या स्तोत्रांतील खॅरिक्लो ही देवीची परम सखी. तिचा पुत्र टायरीसियस याच्या दृष्टीस स्नान करणारी देवी चुकून पडते, व त्याचे डोळे जातात. खॅरिक्लो आक्रोश करून विचारते कीं, तुम्हां देवतांचें सख्य तें हेंच काय? देवी तिला नियमाचें कारण सांगते, पुत्रास भविष्यज्ञान देते. परंतु डोळे परत देत नाहीं. येथें प्रेमहि नाहीं, पाठलागहि नाहीं. तरी देवाच्या सहवासाची किंमत निंफेलाच द्यावी लागली.

संस्कृताच्या अभ्यासकांस या विषयांत एक विशेष सावधगिरी हवी, ती मॅक्स म्यूलरच्या मतामुळें. १८५६ सालीं प्रसिद्ध झालेल्या तौलनिक पुराणकथांवरील निबंधांत त्यानें दाफ्नीचें नांव ऋग्वेदांतील उषेच्या ‘अहना’ या नांवाशीं जोडलें, आणि दाफ्नीचा पाठलाग म्हणजे सूर्यानें केलेला उषेचा पाठलाग असें ठरविलें. उर्वशी आणि पुरूरवा यांसहि त्यानें उषा व सूर्य केलें. ती व्युत्पत्ति आज भाषाशास्त्रांत मान्य नाहीं. दाफ्नी हें झाडाचेंच नांव आहे. परंतु व्युत्पत्ति बरोबर असती तरी वाङ्मयदृष्ट्या या पद्धतींत एक मोठा दोष राहतोच. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांतील ९५ वें सूक्त हा संवाद आहे. त्याच्या अठरा ऋचांत पुरूरवा विनवितो व उर्वशी नाकारते, आणि नाकारण्याचीं कारणें आपल्या तोंडानें देते. तिला उषा म्हणून टाकलें कीं तिचें सगळें बोलणें नुसतें आकाशांतील रंग होऊन जातें. सारसंग्रहकारानें निंफेचें एक पद गाळलें. पंडितानें तिचें सगळें भाषण गाळलें.

अखेर ग्रंथांबाहेरच्या पुराव्याकडे वळूं. अथेन्सच्या दक्षिणेस वारी येथें निंफांची एक गुहा आहे. ख्रिस्तपूर्व पांचव्या शतकाच्या उत्तरार्धांत थेरा बेटाच्या आर्किडेमस नांवाच्या मनुष्यानें ती कोरून सजविली. तेथील लेखांत तो स्वतःस ‘निंफोलेप्तोस’, म्हणजे निंफांनीं झपाटलेला, असें म्हणवितो, आणि निंफांच्या सांगण्यावरून आपण हें काम केलें असें नमूद करितो. हातांत हत्यारें घेतलेली आपली आकृतिहि त्यानें भिंतीवर खोदली आहे. डेल्फीच्या वरच्या बाजूस असलेल्या कोरिशियन गुहेंत फ्रेंच संशोधकांस १९७० च्या सुमारास केलेल्या उत्खननांत खेळण्याच्या घोट्याच्या हाडांचे २०,००० हून अधिक नग मिळाले. तींहि निंफा व पॅन यांच्या स्थानीं वाहिलेलीं होतीं. सिसिऑनजवळ पित्सा येथें १९३४ सालीं ख्रिस्तपूर्व सहाव्या शतकांतील रंगविलेल्या लाकडी फळ्या सांपडल्या. त्यांतील एकीवर निंफांस अर्पण करावयाच्या बळीची मिरवणूक आहे. या ठिकाणीं निंफा बहुधा पॅन, हर्मीस, अकिलोअस नदी यांच्या सहवासांत पुजल्या जात. काव्यांत सिरिंक्स ज्याच्या भयानें पळते तोच पॅन गुहेंत तिच्या बहिणींशेजारीं बसलेला आहे.

यावरून काव्यें खोटीं ठरत नाहींत, किंवा गुहांतील भाविक अज्ञानी ठरत नाहींत. कवि एक गोष्ट सांगत होता. पाणी भरण्यास आलेली बाई, कळप घेऊन आलेला धनगर, घोट्याच्या हाडांनीं खेळून मोठी झालेली आणि लग्नापूर्वीं आपला खेळ देवतेस वाहणारी मुलगी, यांची निंफ निराळी होती. ‘ग्रीक लोक असें मानीत’ या शब्दांनीं आरंभ होणारें वाक्य या दोहोंपैकीं कोणाविषयीं आहे, हें विचारल्याशिवाय पुढें जाऊं नये.

भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची महाभारताची चिकित्सक आवृत्ति आमच्या वाचकांच्या परिचयाची आहे. तिचें आदिपर्व १९३३ सालीं पुरें झालें, व मूळ महाभारताचें संपादन १९६६ सालीं. त्या आवृत्तीचा मोठा गुण असा कीं, जें वर घेतलें नाहीं तें फेंकून दिलें नाहीं. पानाच्या तळाशीं किंवा परिशिष्टांत तें कोणत्या प्रतींत आहे या नोंदीसह ठेविलें. ग्रीक आख्यानें मराठींत पुन्हां लिहिणाऱ्यांकडून आम्ही एवढ्याच शिस्तीची अपेक्षा करितों. आख्यान कोणाचें, कोणत्या स्थानचें, व त्यांत कोण बोलतें, या तीन गोष्टी प्रत्येक कथेखालीं दोन ओळींत लिहाव्या. मुलांच्या पुस्तकासाठीं कथा सौम्य करावी लागली तर खुशाल करावी. पण ती पळत होती हें सांगावयाचें आणि तिला जावयाचें नव्हतें हें गाळावयाचें, असें करूं नये. अपोलोडोरसनें जें एक पद ठेविलें आहे, त्यास मराठींत ‘अनिच्छेनें’ हा सरळ शब्द आहे, आणि त्यानें ओळ फारशी लांबत नाहीं.